कोआलाचा चावा

शिरीष मोकाशीच्या शेजारी जेवायला बसू नये, असं इथे परदेशात, पुंगोल वस्तीतल्या आमच्या मराठी मंडळींत न बोलता ठरून गेलं होतं. माणूस अतिशय भला. पण कुणी नव्याने आलेली सून कौतुकाने म्हणाली, "तुम्ही कोआलांवर काम करता? किती गोड असतात ना हो!" की हा मटणाचा रस्सा भातावर ओतून घेत शांतपणे सांगणार, "कुत्र्याने तोंडात धरून एकदा झटकला, की बाहेरून काहीच दिसत नाही. कातडं जाड असतं. आत मात्र बरगड्यांचा चुरा. हाताला पापडासारखा लागतो."

"शिरीष," त्याची बायको नीलिमा म्हणायची, "लोक जेवतायत."

"त्यांनीच विचारलं," तो म्हणायचा आणि खरोखर बुचकळ्यात पडायचा.

उंच, मानेत किंचित वाकलेला, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हातांवर पांढऱ्या रेघा होत्या, त्या कोआलाच्या नख्यांच्या. डाव्या अंगठ्याच्या बेचक्यात एक खड्डा होता, तो दाताचा. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकून तो नीलिमाला घेऊन ब्रिस्बेनला गेला. पुढचं शिक्षण झाल्यावर तिथेच जंगली प्राण्यांच्या एका दवाखान्यात नोकरीला राहिला. मुलगी मैत्रेयी तिथलीच. ती तीन वर्षांची असताना नीलिमाला इथल्या बँकेत ऑडिटचं काम मिळालं आणि शिरीषला वन-नॉर्थ भागातल्या एका प्रयोगशाळेत जागा मिळाली. आमच्याच मजल्यावर, जिन्याच्या पलीकडचा त्यांचा फ्लॅट. रविवारी सकाळी मैत्रेयी पाटी घेऊन माझ्याकडे, तिच्या 'बाईं'कडे, मराठी अक्षरं गिरवायला यायची आणि 'ळ' काढताना जीभ बाहेर काढायची.

ब्रिस्बेनमधली ती वर्षं शिरीषने मारण्यात घालवली, असं तो स्वतःच म्हणायचा. शहर वाढत होतं, निलगिरीची झाडं पडत होती, आणि झाडावरून उतरलेला कोआला रस्त्यावर यायचा. मोटारीखाली आलेले, गुरांनी तुडवलेले, कुत्र्यांनी फाडलेले कोआला पोत्यांतून, टोपल्यांतून दवाखान्यात यायचे. शिवाय रोगी वेगळेच. डोळे पुवाने चिकटलेले, मागचा भाग लघवीने कुजलेला, गळ्याखाली गाठी लोंबणारे. त्यातला कुठला ठेवायचा आणि कुठल्याला सुई द्यायची, हे ठरवणं शिरीषचं काम. "दहातल्या सहांना सुई," तो सांगायचा. "आणि त्यांना वाटतं तुम्ही त्यांना खायला आलाय. शेवटपर्यंत मारामारी करतात."

चाव्याची गोष्ट त्याने जेवताना कधी सांगितली नाही. ती मला फार नंतर कळली. एका घराच्या परसात दोन कुत्र्यांनी एक मादी धरली होती. मालकीण बाई पाण्याचा पाइप घेऊन किंचाळत होती आणि पाणी कुत्र्यांच्या अंगावर कमी, भिंतीवर जास्त पडत होतं. शिरीषने कुंपणाला टेकवलेलं फावडं उचललं आणि एका कुत्र्याच्या तोंडावर हाणलं. जबडा मोडल्याचा आवाज त्याला आला. दुसरं मागे सरलं. मादीची पाठ मोडली होती. कोआला मेला किंवा मरायला टेकला, तर आधी पोटावरच्या पिशवीत हात घालून पिलू बघायचं, असा त्यांच्या कामातला नियम. शिरीषने हातमोजा काढून पिशवीत हात घातला. पिशवी रिकामी होती. पिलू कुत्र्याच्या घराखाली पडलं होतं, त्याचं डोकं उरलं नव्हतं. तेवढ्यात मादीने मान वळवून त्याचा डावा हात तोंडात धरला. दात आरपार गेले. ती सोडेना. त्याने उजव्या हाताने, दातांनी सुईचं टोपण काढून, तिला औषध दिलं आणि ती त्याच्या हाताला धरूनच मेली. जबडा उघडायला त्या बाईने स्वयंपाकघरातून चमचा आणून दिला.

दवाखान्यात तिला चिरल्यावर दिसलं, की कुत्र्यांनी धरलं नसतं तरी ती महिनाभर जगली नसती. मानेतल्या गाठी लिंबाएवढ्या होत्या आणि रक्तात कर्करोगाच्या पेशी मावत नव्हत्या. हे एका विषाणूचं काम, असा तेव्हा नुसता संशय होता. शिरीषच्या हाताला टाके पडले. पुढच्या वर्षी मैत्रेयी झाली.

इथल्या प्रयोगशाळेत तो त्याच विषाणूवर काम करू लागला. या भागातल्या गिबन माकडांत पूर्वी सापडलेल्या एका विषाणूचा तो जवळचा नातेवाईक, म्हणून इथल्या लोकांना त्यात रस. तिकडून मेलेल्या कोआलांच्या प्लीहा, गाठी, रक्त बर्फात घालून यायचं. शिरीष ते वाटायचा, गाळायचा, त्यातला विषाणू शोधायचा. आणि मग जगभरच्या या विषयातल्या लोकांना हादरवणारी गोष्ट कळली. हा विषाणू नुसता एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे जात नव्हता. तो कोआलाच्या बीजात शिरत होता. आईबापांकडून पिलाला तो डोळ्यांच्या रंगासारखा मिळत होता, अंगातल्या एकूण एक पेशीत. उत्तरेकडचे जवळजवळ सगळे कोआला असे जन्मतःच आजारी. कुत्र्यापासून, मोटारीपासून एखाद्याला वाचवता येतं. याच्यापासून कसं वाचवणार?

"आणि माणसाला?" मी एकदा विचारलं होतं.

"काचेच्या बशीत वाढवलेल्या माणसाच्या पेशींना होतो," तो म्हणाला. "जिवंत माणसात कधी सापडलेला नाही." मग माझ्या खांद्याकडे बघत म्हणाला, "फारसं कुणी शोधलेलंही नाही."

मैत्रेयी दुसरीत असताना तिला ताप येऊ लागला. सतत नाही, येऊन जाऊन. चिडचिडी झाली, शाळेतून आली की सोफ्यावर आडवी. नीलिमाची आई, संजीवनीबाई, त्याच सुमारास मिरजेहून राहायला आल्या होत्या. नातीच्या केसांना तेल लावताना त्यांच्या हाताला मानेतल्या गाठी लागल्या. त्यांनी सोबत आणलेली आंबेहळद उगाळून लेप लावला. दुसऱ्या दिवशी मैत्रेयी पिवळ्या गळ्याने शाळेत गेली आणि रडत परत येऊन, इथल्या मुलांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाली, "माझ्या क्लासमध्ये सगळे म्हणाले, करी चिकन लाह!"

डॉक्टरांनी गाठी चाचपल्या, गोळ्या दिल्या. मुलांत असं होतं, पंधरा दिवस बघू, नाही बसल्या तर रक्त तपासू, असं म्हणाले. नीलिमाला ते पटलं. संजीवनीबाईंना आपला लेप अर्धवट राहिल्याचं वाईट वाटलं.

पण त्या दिवसापासून शिरीष मुलीच्या तोंडाकडे बघेनासा झाला. तो मानेकडे बघायचा. सकाळी दात घासताना मागून येऊन दोन बोटांनी जबड्याखाली दाबायचा, मग काखेत. हात सवयीचा, जनावरांवर फिरलेला. मैत्रेयी केस पुढे घ्यायला लागली. "बाबा डझ इट लाइक आय ॲम अ डॉग," ती मला पाटीवरून नजर न काढता म्हणाली.

त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते इतकं सरळ होतं, की आता लिहितानाही भीती वाटते. त्या मादीच्या तोंडातलं रक्त माझ्या रक्तात गेलं. तिथून माझ्या बीजात. पुढच्या वर्षी मुलगी झाली. आता तिच्या मानेत गाठी आहेत. जगात दुसऱ्या कुठल्याही बापाला अशी शंका आली नसती, कारण ती येण्याइतकं कुणाला माहीतच नव्हतं.

एका शनिवारी नीलिमा आईला घेऊन लिटिल इंडियाच्या बाजारात सामान आणायला गेली. मी डाळ चढवली होती. जिन्यापलीकडून एक आवाज आला, तो मी आधी मांजराचा समजले. मग 'बाबा' हा शब्द ओळखू आला.

त्यांचं लाकडी दार उघडं होतं, बाहेरचं जाळीचं दार बंद. आत जमिनीवर मैत्रेयी पालथी पडली होती. शिरीषचा गुडघा तिच्या पाठीवर होता. एका हाताने त्याने तिचा दंड पिळून बाहेर ओढून धरला होता, दुसऱ्या हातात सुई. फरशीवर रक्ताचे ठिपके होते, म्हणजे एकदा तरी सुई चुकली होती. पोर डोकं फरशीवर आपटत होती.

"शिरीष! अरे सोड तिला!"

त्याने वर पाहिलं नाही. "हलू नको, हलू नको, हलू नको," तो एका सुरात म्हणत होता. मी जाळी गदागदा हलवली. त्याने सुई पुन्हा घातली, नळी भरली आणि गुडघा काढला. मैत्रेयीने उठता उठता त्याच्या तोंडावर लाथ मारली, जाळीची कडी काढली, माझ्या अंगावरून माझ्या घरात धाव घेतली आणि न्हाणीघराची कडी लावून घेतली. शिरीषच्या ओठातून रक्त येत होतं. ते त्याने पुसलंही नाही. नळी उजेडात धरून हळूहळू खालीवर करत होता. मग त्याने स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला आणि स्वतःचंही रक्त काढलं.

नीलिमा आली तेव्हा मुलगी अजून कडी काढायला तयार नव्हती. दंडावर निळे डाग बघून नीलिमाने नवऱ्याला विचारलं ते फक्त एवढंच, "कशासाठी?"

"उद्या सांगतो."

"आत्ता सांग."

"उद्या," तो म्हणाला. तिने पिशवीतला नारळ त्याच्या दिशेने फेकला. तो भिंतीवर फुटला.

रविवारी प्रयोगशाळा रिकामी असते. जनावरांच्या यंत्रावर माणसाचं रक्त लावायला त्याला परवानगी नव्हती, आणि मागितली असती तर मिळाली नसती. ही तपासणी अशी असते, की रक्तात विषाणूचा कणभर अंश असला तरी यंत्र त्याच्या कोट्यवधी प्रती काढतं, आणि मग जांभळ्या उजेडाखाली एक लखलखीत पट्टा दिसतो. नसला तर काळोख. शिरीषने सोबत नेहमीसारखं नुसतं पाणीही लावलं, चूक झाली तर कळावी म्हणून. पाण्याच्या जागी काळोख होता. स्वतःच्या रक्ताच्या जागी पट्टा होता. मैत्रेयीच्या रक्ताच्या जागीही होता.

दुपारी तो घरी आला. मी तिथेच होते. मैत्रेयी माझ्याकडे झोपली होती आणि संजीवनीबाईंना एकटं वाटत होतं म्हणून मी त्यांच्याबरोबर मटार सोलत बसले होते. त्याने चपला काढल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्याने नीलिमाला सगळं सांगितलं, चाव्यापासून पट्ट्यापर्यंत, दवाखान्यात सांगतात तशा कोरड्या आवाजात.

"म्हणजे तुझ्यामुळे," नीलिमा म्हणाली.

"हो."

"तुला चावला, आणि तू मला सांगितलं नाहीस की असं काही होऊ शकतं."

"तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं."

"मग कळलं तेव्हा? दोन वर्षं झाली म्हणतोस! दोन वर्षं माझ्या शेजारी झोपतोयस!"

शिरीष वळला, ओट्याशी गेला. मला वाटलं पाणी पितोय. त्याने डावा हात ओट्यावर पसरला, खलातला बत्ता उचलला आणि त्या हातावर हाणला. एकदा, आणि आम्ही उठेपर्यंत आणखी एकदा. तो आवाज मी इथे लिहीत नाही. संजीवनीबाईंनी मागून त्याच्या शर्टाची कॉलर धरून त्याला खाली खेचलं. त्या वयात त्यांच्यात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. मटार सगळ्या फरशीवर. नीलिमा त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने त्याच्या थोबाडीत मारली. एका गालावर, मग दुसऱ्या.

"हात तोडून काय होणार आहे? आं? त्याने तिच्या गाठी जाणार आहेत? घे ना, माझंही रक्त घे! मलाही दिलं असशील तू! घे! आईचं घे! बाईंचं घे! सगळ्या ब्लॉकचं घे, एवढी हौस असेल तर!"

"नीलू, गप्प," संजीवनीबाई म्हणाल्या. त्या अजून जावयाची कॉलर धरून होत्या. धापा टाकत त्यांनी दुसरा हात पुढे केला, पदर बाजूला सारून दंड उघडा केला. "शिरीषराव, हे घ्या. नातीचं गुडघ्याखाली धरून काढलंत ना? आता सासूचं काढा. बघू तुमचा गुडघा कुठवर चढतो."

शिरीषने त्या दंडाकडे पाहिलं. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं सुजून एक झाली होती. मग तो खरंच उठला. मला वाटतं, त्या क्षणी त्याला कुणी काही करायला सांगितलेलं हवं होतं. बॅगेतल्या खोक्यातून त्याने नळ्या काढल्या. नीलिमाने दात खाऊन आधी स्वतःचा दंड दिला, मग आईच्या दंडाला पट्टा बांधला. संजीवनीबाई रक्त भरत असताना त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघत होत्या आणि त्यांनी 'स्स'सुद्धा केलं नाही.

मग मीच त्याला हाताच्या डॉक्टरकडे नेलं. एक हाड मोडलं होतं. "कसं झालं?" डॉक्टरने विचारलं. "चटणी कुटताना," शिरीष म्हणाला. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

नीलिमाचं रक्त लावायचं त्याला कारण होतं. आपण तिलाही दिलं का, हे त्याला बघायचं होतं. संजीवनीबाईंचं लावायला काहीच कारण नव्हतं. पण सासूने असं दिलेलं रक्त फेकून द्यायची त्याची हिंमत झाली नाही. सोमवारी, बाकीचे जेवायला गेलेले असताना, पट्टी बांधलेला हात छातीशी धरून त्याने दोन्ही नळ्या लावल्या.

नीलिमाचा पट्टा दिसला तेव्हा त्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा शेजारी संजीवनीबाईंचा पट्टा होता. सगळ्यांत लखलखीत.

संजीवनी बापट, वय सहासष्ट, राहणार मिरज. त्यांनी कोआला पाहिला होता तो नातीच्या बिस्किटाच्या पुड्यावर.

शिरीष खोक्याकडे धावला. या नळ्या त्याने आणल्या होत्या त्या, ज्या टेबलावर तो वर्षानुवर्षं कोआलांच्या प्लीहा वाटत होता, त्या टेबलाच्या खणातून. खोकं केव्हाचं उघडं होतं. शेजारच्या खोलीत पाकीटबंद स्वच्छ नळ्या होत्या, पण त्या सही करून घ्याव्या लागतात, म्हणून त्याने जवळच्या उचलल्या. त्याने त्याच खोक्यातल्या एका कोऱ्या नळीत नुसतं पाणी घातलं, हलवलं आणि ते लावलं. पट्टा आला. पाण्यालाही कोआलाचा रोग झाला होता. आदल्या दिवशी तपासणीला लावलेलं पाणी थेट बाटलीतून घेतलं होतं. ते या नळीत कधी गेलंच नव्हतं, म्हणून तिथे काळोख होता.

नव्या मुलांना हेच तो पहिल्या दिवशी शिकवायचा. घाणेरड्या खोलीतून स्वच्छ खोलीत काही न्यायचं नाही. टाचणीसुद्धा नाही.

तो हसायला लागला. त्याच्या वरिष्ठ, ह्वी लिंग नावाच्या बारीक चणीच्या बाई, जेवून परत आल्या तेव्हा तो टेबलाला धरून हसत होता आणि नाकातून पाणी येत होतं. त्याने त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. त्या बसल्या.

"मुलीला धरून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"शिरीष, हे मला वर कळवावं लागेल. तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"आधी घरी जा लाह," त्या म्हणाल्या. "ते मी उद्या करीन."

घरी येताना गाडीत कुठेतरी त्याचं हसू संपलं. दार उघडल्यावर तो नीलिमाला म्हणाला, "चूक माझी. नळ्यांत होतं ते. रक्तात नाही."

नीलिमा भिंतीला टेकली. "म्हणजे मैत्रेयीला काही नाही?"

"ते मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"पट्टा खोटा होता, नीलू. गाठी खऱ्या आहेत. गाठी कसल्या, ते मला काहीच माहीत नाही. शनिवारी सकाळी जेवढं माहीत होतं, तेवढंच."

संजीवनीबाईंनी एवढंच विचारलं, "मग माझं रक्त कशाला घेतलंत?" आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन झोपल्या.

गाठी बसल्या नाहीत. पंधरवडा संपल्यावर डॉक्टरांनी पोट चाचपलं, प्लीहाही वाढल्याचं सांगितलं आणि इस्पितळात रक्ताला पाठवलं. शिरीषला प्लीहा म्हणजे काय हे फार चांगलं माहीत होतं. त्या सकाळी त्याच्या चेहऱ्याचा रंग फरशीसारखा होता.

नर्सने ट्रे ठेवला. मैत्रेयीने सुई पाहिली आणि खुर्चीतून उडी मारली. ट्रे पडला. दुसरी नर्स आली. मुलगी कोपऱ्यात पाठ लावून, नखं पुढे करून उभी, ओठ मागे ओढलेले. पहिल्या नर्सला नखं लागून गालावर लाल रेघ उठली.

"फादर, प्लीज, तुम्ही धरा," नर्स म्हणाली. उंच, दणकट माणूस, तिने साहजिकच त्याला सांगितलं.

"नॉट बाबा!" मैत्रेयी अशी किंचाळली, की बाहेरच्या बाकांवरची माणसं उभी राहिली. "मम्मी, नॉट बाबा! नॉट बाबा! नॉट बाबा!"

शिरीष बाहेर आला. संजीवनीबाई आणि मी बाकावर होतो. तो आमच्या मध्ये बसला आणि त्याने दोन्ही हात, पट्टीचा आणि बिनपट्टीचा, मांड्यांखाली दाबून ठेवले. आतून खुर्ची आपटल्याचा आवाज आला, मग नीलिमाचा आवाज, मग नुसतं किंचाळणं. तो उठू नये म्हणून संजीवनीबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याची गरज नव्हती. तो हलला नाही.

निकाल आला तेव्हा आजार विषाणूचाच निघाला. पण शाळेतल्या मुलांना एकमेकांच्या पाण्याच्या बाटल्यांतून होतो तो, नेहमीचा. गळ्यात गाठी आणतो, प्लीहा वाढवतो, थकवतो आणि काही आठवड्यांत आपोआप जातो. डॉक्टरांनी हसून सांगितलं. नीलिमा रडली. शिरीषने डॉक्टरांना पुन्हा सांगायला लावलं आणि मग आणखी एकदा.

त्याची नोकरी गेली, ते योग्यच होतं असं तो म्हणतो. आता तो एका प्राण्यांच्या दवाखान्यात मांजरांची नसबंदी करतो, कुत्र्यांच्या गोचिड्या काढतो. एक बोट नीट मिटत नाही. जेवताना कुणी विचारलं तरी तो कोआलांविषयी काही सांगत नाही. लोकांना ते आधीपेक्षा जड जातं.

मैत्रेयीच्या गाठी गेल्या, पण ती बापाजवळ फिरकेना. तो सोफ्यावर बसला की ती खाली बसायची. रस्ता ओलांडताना तिचा हात आजीकडे असायचा, आणि आजी मिरजेला गेल्यावर कुणाकडेच नसायचा. त्यानेही कधी हात पुढे केला नाही. हे असं जवळजवळ वर्षभर चाललं.

मग एका संध्याकाळी ती लंगडत माझ्या दाराशी आली. खाडीकाठच्या लाकडी पुलावर अनवाणी पळताना तळव्यात लाकडाचं कुसळ गेलं होतं, चांगलं खोल. नीलिमा ऑफिसात होती. मी चष्मा लावला, चिमटा घेतला, पण माझा हात अलीकडे स्थिर राहत नाही. तिला दोनदा दुखलं. "बाई, यू शेकिंग," ती म्हणाली. तिने चिमटा माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाली, "बाबा आहे घरी?"

मी तिच्याबरोबर गेले. शिरीष पेपर वाचत होता. तिने दारातूनच सांगितलं, "फूटमध्ये स्प्लिंटर आहे. बट मी सांगेन तेव्हाच."

"तू सांगशील तेव्हा," तो म्हणाला.

त्याने चिमटा उकळत्या पाण्यात धुतला, दिवा जवळ ओढला आणि जमिनीवर बसला. ती खुर्चीत बसली, पाय समोरच्या स्टुलावर. जनावराचा पाय धरावा तसा त्याचा हात सवयीने पुढे गेला, अर्ध्यात थांबला आणि त्याने तो मागे घेऊन आपल्या मांडीवर ठेवला.

"वेट हं," मैत्रेयी म्हणाली.

"बरं."

खाली खेळणारी मुलं घरी गेली, त्यांचे आवाज गेले. शिरीष चिमटा धरून तसाच बसला होता. तिने पाय जरा पुढे सरकवला, मग मागे घेतला. वाकून त्याचं ते न मिटणारं बोट बघितलं. मग त्याचं मनगट धरून त्याचा हात आपल्या घोट्यावर ठेवला, आणि लगेच उचलून बाजूला केला.

"नॉट येट, बाबा."

"बरं," शिरीष म्हणाला.